देवाला बातम्या सांगू नका

ख्रिसमसचा गोठा अजून चर्चच्या आवारात उभा होता, तेव्हाच फादरांनी उपासना समितीची बैठक लावली. विषय फेब्रुवारीतला: संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आणि त्याआधीची नोव्हेना. मंडप कोण घालणार, रोषणाई कोणाची, बॅण्ड कुठला, मिस्सेनंतरच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतरच्या, चहाला कुठली आळी, ही कामं आमच्याकडे वर्षानुवर्षं वाटून गेलेली आहेत. त्यावर फार बोलणं झालं नाही. अडलं ते प्रार्थनांपाशी.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, नोव्हेनाच्या प्रार्थना एका जुन्या टंकलिखित फाइलीतून वाचल्या जात. पहिला दिवस कुटुंबांसाठी, दुसरा युवकांसाठी, तिसरा आजाऱ्यांसाठी, असं करत नऊ दिवस. भाषा शुद्ध, अक्षर सुवाच्य. पण संताच्या नावाची जागा मोकळी सोडलेली. जूनमध्ये तिथे संत अंतोनी, फेब्रुवारीत गोन्सालो. वाचणारा वाचायचा, लोक 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचे, आणि आपण कशाला हो म्हणालो हे दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलेले असायचे.

फादर म्हणाले, "यंदा नव्या लिहा. अर्ध्या त्यांच्या आयुष्यातून काढा, अर्ध्या आपल्या गावातून."

कामाला आम्ही चौघं: गायनमंडळ चालवणारे मास्तर, धर्मशिक्षण वर्गाची शिक्षिका, प्रार्थनासंघातली मावशी (तिला सगळं गावच मावशी म्हणतं) आणि मी. मी बँकेत नोकरीला, वसई रोड ते चर्चगेट रोजचा. हिशेबाची टिपणं लिहायची सवय आहे, प्रार्थनेची नाही. फादरांना बहुधा तेच हवं असावं.

वसईबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. नोव्हेना म्हणजे सणाआधीचे नऊ दिवस रोज एकत्र येऊन केलेली प्रार्थना. येशू स्वर्गात गेल्यानंतर पवित्र आत्मा उतरेपर्यंत शिष्य आणि मारिया जेरुसलेमात एकत्र प्रार्थना करत राहिले, त्या दिवसांवरून ही रीत आली असं मानतात. आणि गोन्सालो गार्सिया हे आमचे, म्हणजे वसईत जन्मलेले. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. तेव्हा वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. ती १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. गोन्सालो जेझुइट या धर्मसंघाच्या फादरांच्या हाताखाली शिकले, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले. जेझुइट संघात प्रवेश मिळेल ही आशा मात्र फळाला आली नाही. मग व्यापारात पडले. तिथे जम बसला, पैसा आला. आणि तो सगळा पसारा सोडून मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरू ते कधीच नव्हते.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता यांना दूत म्हणून जपानला पाठवलं, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो बरोबर गेले. तोयोतोमी हिदेयोशीच्या राज्यात सुरुवातीला बरं चाललं. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज तिथल्या किनाऱ्याला लागून फुटलं, त्यातून संशय वाढला आणि धरपकड सुरू झाली. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसाला बांधून भाल्यांनी मारलं. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक. १६२७ मध्ये त्यांना 'धन्य' घोषित केलं आणि ८ जून १८६२ ला पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. भारतात जन्मलेले पहिले संत ते हे.

हे सगळं आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं, निदान शेवटचं वाक्य तरी. पण पाठ असणं आणि त्यातून प्रार्थना काढणं यांत अंतर आहे. पहिल्या बैठकीत आम्ही कागद घेऊन बसलो आणि जे निघालं ते सगळं 'महान', 'थोर', 'तेजस्वी' असं. मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "तो पोरगा घर सोडून गेला. परत आलाच नाही. त्याच्या आईने काय केलं असेल, ते कोण विचारतं?"

शिक्षिकेने ते तसंच्या तसं वहीत उतरवलं. नऊ दिवसांतली आम्हाला सापडलेली ही पहिली प्रार्थना. आमच्या गावात निम्म्या घरांतला कोणी ना कोणी बोटीवर, आखातात नाहीतर कॅनडात आहे. त्यांच्या आया संध्याकाळच्या मिस्सेला पुढच्या बाकांवर बसतात.

*

लिहिण्याआधी दिनदर्शिका समोर घ्यायची, हे फादरांनी बजावलं होतं. ते किती कामाचं होतं ते नंतर कळलं. संतांचा सण म्हटलं की आपल्याला वाटतं, तारीख आली की सण आला. उपासनेत तसं नसतं. महोत्सव, सण, स्मरणदिन आणि ऐच्छिक स्मरणदिन अशा पायऱ्या आहेत, आणि वरची पायरी खालचीला बाजूला सारते. रविवार तर बहुतेकांना बाजूला सारतो. ३ जुलैचे संत थोमा भारतात मोठे, कारण ते आमचे प्रेषित. तोच दिवस इतर देशांत एक पायरी खाली. ५ सप्टेंबरच्या मदर तेरेसा आत्ताआत्तापर्यंत जागतिक दिनदर्शिकेत नव्हत्याच. त्यांचा ऐच्छिक स्मरणदिन २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला.

गोन्सालोंचं स्वतःचंच पाहा. मरण ५ फेब्रुवारीचं, पण त्या दिवशी संत अगाथा आधीपासून बसलेल्या. सिसिलीतली ती फार जुनी हुतात्मा कुमारी. म्हणून नागासाकीच्या सव्वीसांचं स्मरण ६ तारखेला. तेही साऱ्या जगात 'संत पॉल मिकी आणि सोबती' या नावाने. आमचे गोन्सालो त्या 'सोबत्यां'मध्ये. मास्तरांना हे दरवर्षी खटकतं. फादरांचं त्यावरचं उत्तर ठरलेलं: "मास्तर, ते स्वतः कधी पुढे उभे राहिले होते का?"

सहा तारखेआधीचे नऊ दिवस मोजले तर २८ जानेवारीला नोव्हेना सुरू होते. आणि त्या नऊ दिवसांत कोण कोण येतं! २८ ला थोर पंडित संत थॉमस अक्विनास. ३१ ला डॉन बॉस्को, पोरांचे संत. १ फेब्रुवारीला यंदा रविवार. २ तारखेला येशूबाळाला मंदिरात अर्पण केल्याचा सण, मेणबत्त्या आशीर्वादित करण्याचा. ३ ला संत ब्लेझ, गळ्याचे. ४ ला जुआँव द ब्रिटो, तमिळ देशात १६९३ मध्ये ओरियूर इथे शिरच्छेद झालेले. ५ ला अगाथा. रोज एक पाहुणा आधीच हजर.

मास्तरांचं म्हणणं, नोव्हेनाच्या नऊही दिवशी मिस्सा गोन्सालोंचीच असावी, फादरांचा हुतात्म्यांच्या सणाचा लाल झगा, त्यांचीच गाणी. फादरांनी सरळ नाही म्हटलं. नोव्हेना ही भक्ती आहे, ती दिवसाच्या मिस्सेच्या जागी बसत नाही. २ फेब्रुवारीला पांढराच झगा आणि प्रार्थना त्या सणाच्याच. आपली जागा दोन ठिकाणी: प्रवचनानंतरच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत, आणि कम्युनियननंतर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेऊन झाल्यावर, नोव्हेनाची प्रार्थना म्हणतात तिथे.

मला ही अडचण न वाटता सोयच वाटली. पाहुणे येणारच आहेत तर त्यांना सामावून घ्यायचं. डॉन बॉस्कोंच्या दिवशी प्रार्थना शाळकरी मुलांची. नागासाकीत क्रुसावर चढलेला लुईस इबाराकी अवघा १२ वर्षांचा होता, तो धागा आयताच मिळाला. २ फेब्रुवारीला मंदिरात बाळाची वाट पाहणारे म्हातारे शिमोन आणि हन्ना, म्हणून तो दिवस आमच्या वृद्धांचा. ३० जानेवारी तर हुतात्मा दिन. त्या दिवशी शांतीसाठी प्रार्थना घालायला कोणाची परवानगी लागत नाही. रविवारचं शुभवर्तमान डोंगरावरच्या धन्योद्गारांचं होतं, 'जे आत्म्याने दीन ते धन्य'. तिथे आम्ही गोन्सालोंना जेझुइट संघात जागा मिळाली नाही ती गोष्ट ठेवली. नोकरीच्या मुलाखतींतून परत येणाऱ्या पोरांसाठी, लग्न जुळत नाही म्हणून गप्प झालेल्यांसाठी, सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण सोडून, घरी परतलेल्यांसाठी. हा शेवटचा उल्लेख फादरांनी स्वतः घातला.

*

गावाचा अर्धा भाग गोळा करायला पेटी ठेवली. मिठाईच्या मोठ्या खोक्याला वरून फट पाडून, प्रवेशद्वारात पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारी. वर कागद चिकटवला: 'नोव्हेनात कशासाठी प्रार्थना करावी? नाव लिहू नये.' पहिल्या रविवारी कोणी काही टाकलं नाही. मग मावशीने मिस्सेनंतर दारात उभं राहून एकेकीला पेन दिलं. दुसऱ्या रविवारी खोका भरला.

त्या चिठ्ठ्या आम्ही चर्चच्या कार्यालयात टेबलावर ओतल्या. दुधाच्या बिलाची मागची बाजू, औषधाच्या दुकानाची पावती, शाळेच्या वहीचं फाडलेलं पान, एक तर लोकलच्या जुन्या पासाच्या पाठीवर. दादरच्या फुलबाजारात मोगरा घेऊन पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या कोणा बाईने लिहिलं होतं, 'गाडीत चढताना टोपल्यावरून भांडण होऊ नये.' एकीने फक्त 'सुनेसाठी' एवढंच लिहिलेलं. चांगल्या अर्थाने की वाईट, ते देव जाणे. 'मुलगा बोटीवर आहे, फोन लागत नाही.' 'बावखल (आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं) बुजवू नये.' 'बारावीची परीक्षा, गणित.' 'दारू.' ही शेवटची चिठ्ठी एकाहून जास्त हातांनी लिहिलेली होती, वेगवेगळ्या कागदांवर, आणि बहुतेक अक्षरं बायकांची होती असं शिक्षिका म्हणाली.

काही चिठ्ठ्या प्रार्थना नव्हत्याच, तक्रारी होत्या. कोणी बांध कोरला, कोणी वाटेची जागा दाबली, चर्चच्या हॉलचं भाडं का वाढवलं. त्या फादरांनी वेगळ्या काढून आपल्या खिशात घातल्या. "याचं उत्तर मलाच द्यायला हवं, देवाला कशाला मधे घालता?"

आता लिहिणं. बैठकीत मास्तरांनी पाण्याची प्रार्थना लिहून आणली होती. पानभर. तालुक्यात विहिरी कशा खाऱ्या झाल्या, टँकरचे भाव कुठे गेले, इमारती किती वाढल्या, प्रशासन कसं झोपलं आहे. सगळं खरं होतं. फादरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, देवाला बातम्या सांगू नका. त्याला ठाऊक आहेत. आणि देवाच्या आडून तिसऱ्याच माणसाला टोमणाही मारू नका."

मग त्यांनी मिस्साग्रंथाच्या प्रस्तावनेतला नियम सांगितला. श्रद्धावंतांच्या प्रार्थना संयमी असाव्यात, मोकळेपणाने पण विचार करून रचलेल्या, थोड्या शब्दांत, आणि साऱ्या समुदायाची याचना त्यांत यावी. क्रमही ठरलेला: आधी ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्ते आणि साऱ्या जगासाठी, मग दुःखात असलेल्यांसाठी, शेवटी आपल्या गावासाठी. आपलं गाऱ्हाणं शेवटी. हा क्रम मला फार आवडला. रोज सायंकाळी लोक आपापलं ओझं घेऊन येतात, पण ते खाली ठेवण्याआधी दुसऱ्या तिघांचं ऐकावं लागतं.

मास्तरांच्या पानाचं शेवटी हे झालं:

'ज्यांच्या विहिरीचं पाणी खारट झालं आहे, जे रोज टँकरची वाट पाहतात त्यांच्यासाठी, आणि पाण्याचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या.'

मास्तर थोडे रुसले. पण नोव्हेनात ही प्रार्थना वाचली गेली त्या संध्याकाळी लोकांचा प्रतिसाद इतका मोठा आला की वाचणाऱ्या मुलाने दचकून वर पाहिलं. गर्दीत पाण्याचे निर्णय हाती असलेले एक-दोन जणही होते. त्यांनीही 'हे प्रभो' म्हटलंच असणार, दुसरं काय म्हणणार?

'दारू' या चिठ्ठीने सगळ्यात जास्त वेळ घेतला. जुन्या फाइलीत 'व्यसनाधीनांच्या मुक्तीसाठी' अशी ओळ होती. ती वाचली की पिणारा मान खाली घालतो किंवा बाहेर विडी ओढायला जातो. शिक्षिका म्हणाली, पिणाऱ्याला बाकावर बसू द्यायचं असेल तर दुसरीकडून या. आम्ही लिहिलं: 'ज्या घरांत रात्री दार वाजण्याची भीती वाटते, त्या घरांतल्या सगळ्यांसाठी.' 'सगळ्यांसाठी'वर मावशी अडून बसली होती. तो शब्द काढू दिला नाही. "पिणारापण त्याच घरात राहतो ना," म्हणाली.

एक प्रश्न शिक्षिकेच्या वर्गातल्या मुलांनी विचारला आणि तो आम्हा मोठ्यांनाही नीट सोडवून घ्यावा लागला. मागायचं कोणाकडे, देवाकडे की संताकडे? शेजारचा मित्र विचारतो, तुम्ही संतांची पूजा करता का, तेव्हा काय सांगायचं? उत्तर प्रार्थनांच्या बांधणीतच आहे. श्रद्धावंतांच्या प्रार्थना देवालाच उद्देशून असतात, त्यांत संताला हाक नसते. नोव्हेनाच्या प्रार्थनेत संताशी बोलता येतं, पण त्याच्याकडे मागणं एकच: आमच्यासाठी विनंती कर. लितानीत, म्हणजे संतांच्या नामावळीच्या प्रार्थनेत, तर नावामागून नाव येतं आणि दर नावाला हेच उत्तर येतं. म्हणून जुन्या प्रार्थनेतलं 'हे संत गोन्सालो, आम्हाला आरोग्य दे' बदलून 'आमच्या आरोग्यासाठी प्रभूकडे विनंती कर' असं केलं. मावशीला हा फरक आधीपासून पटलेला होता. "मोठ्या साहेबाकडे जाताना ओळखीचा माणूस बरोबर न्यावा, पण अर्ज साहेबाच्याच नावाने लिहायचा," एवढं बोलून तिने विषय संपवला.

कम्युनियननंतरची प्रार्थना मी लिहिली. ती अशी:

'हे वसईच्या सुपुत्रा, तू घर सोडलंस तेव्हा परत येण्याचा दिवस तुला माहीत नव्हता. तुला एका दारातून आत घेतलं नाही तरी तू देवावर रुसला नाहीस. हाती पैसा आला तेव्हा तो सोडता आला. दुसऱ्यांचे शब्द तू इमानाने पोचवलेस आणि शेवटी तुझ्या मरणाने तुझं बोलणं पोचलं. आम्हीही प्रवासात आहोत. आमच्यासाठी प्रभूकडे विनंती कर.'

'रुसला नाहीस' हे प्रार्थनेत चालेल का, यावर वाद झाला. फादरांनी राहू दिलं. 'सुपुत्रा' मला स्वतःला अजूनही भाषणी वाटतो, पण मास्तरांचा आग्रह होता आणि पाण्याच्या पानानंतर त्यांना काहीतरी द्यायला हवं होतं.

*

लिहून झालं म्हणजे झालं असं नव्हे. प्रत्येक दिवस एकेका आळीकडे. वाचक त्या आळीचे. त्यांची तालीम शनिवारी चर्चमध्येच घेतली, रिकाम्या बाकांसमोर, माईक लावून. नवखा वाचक प्रार्थना संपता संपता 'आपण प्रभूकडे प्रार्थना करू या' इतक्या घाईने म्हणतो की लोकांचा प्रतिसाद त्याच्या वाक्यावरच आदळतो. मास्तरांनी एक युक्ती दिली: प्रार्थना संपली की मनातल्या मनात 'येशू, मारिया, योसेफ' म्हणायचं, मगच लोकांना हाक द्यायची. तेवढ्या अवकाशात ऐकणाऱ्याला स्वतःचं माणूस आठवतं. कागदावर त्या जागी आम्ही लाल पेनने एक उभी रेघ मारून ठेवली.

वाचकांत नववीतली मुलं होती आणि नोकरीवरून थेट स्टेशनवरून येणारे होते. कोळी आळीकडून आलेले काका चष्मा विसरून आले, तर त्यांनी आपल्या वाट्याच्या ओळी पाठ करून टाकल्या आणि त्या दिवशी कागद न घेताच वाचनपीठावर गेले. सगळ्यांत उत्तम वाचन त्यांचंच झालं.

नोव्हेनाच्या संध्याकाळी थंडी असते. आमच्याकडे ती तेवढीच, जानेवारी-फेब्रुवारीतली. बाया साडीवरून स्वेटर घालून येतात. पहिले दोन दिवस गर्दी बेताची; मग आईची प्रार्थना झाली. 'ज्यांची मुलं दूर देशी आहेत आणि ज्यांना त्यांच्या आवाजाची वाट आहे' इतकीच ओळ. उभी रेघ आली आणि त्या थांबण्यात बाकांतून कोणीतरी मोठ्याने नाव घेतलं. मुलाचं असणार. मग दुसरीने घेतलं. हे कोणी ठरवलं नव्हतं. फादर वेदीवर उभे राहिले, घाई केली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रार्थनेनंतर नावं घ्यायची रीतच पडली. उपासनेच्या नियमात हे बसतं का, मास्तरांनी विचारलं. फादर म्हणाले, बसवू.

३ फेब्रुवारीला संत ब्लेझ. हे चौथ्या शतकातले आर्मेनियातले बिशप आणि हुतात्मे. घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवलं अशी आख्यायिका आहे. त्या दिवशी फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून एकेकाच्या गळ्याला लावतात आणि घशाच्या विकारांपासून राखण्याचा आशीर्वाद मागतात. आदल्या दिवशी आशीर्वादित केलेल्याच मेणबत्त्या, न पेटवलेल्या, लाल फितीने बांधलेल्या. मासे खाणाऱ्या गावात काट्याच्या संताला गर्दी होणारच. रांगेत आमचे हिंदू शेजारीही होते, गायनमंडळातल्या मुली आपल्या आवाजासाठी पुढे घुसत होत्या, आणि एक छोटा मुलगा मान वर करून डोळे गच्च मिटून असा उभा होता की फादरांना हसू आवरेना. आजाऱ्यांची प्रार्थना आम्ही त्या दिवसावर ठेवली होती ते बरोबर जमलं. त्यात एक ओळ रुग्णालयात रात्री बाकड्यावर झोपणाऱ्या नातेवाइकांसाठी होती.

पाच तारीख, नागासाकीचा खरा दिवस. इथे सगळ्यांत जपून लिहावं लागलं. हुतात्म्यांच्या प्रार्थनेत दोन धोके असतात: एकतर रक्ताचं वर्णन, नाहीतर मारणाऱ्यांविषयी राग. लहान मुलं समोर बसलेली असतात. आणि राग आला की तो चारशे वर्षांपूर्वीच्या जपानपुरता राहत नाही, आजच्या कोणाला तरी चिकटतो. आम्ही सव्वीस नावं वाचली. तेवढंच. पॉल मिकीपासून सुरुवात, मध्ये कुठेतरी गोन्सालो, आणि शेवटी मुलं. जपानी नावांचा उच्चार शिक्षिकेने वर्गातल्या मुलांकडून घोटवून घेतला होता, त्यामुळे वाचायलाही मुलंच. मग एकच प्रार्थना: 'श्रद्धेसाठी जे आज छळ सोसतात त्या सर्व धर्मांच्या लोकांसाठी, आणि छळणाऱ्यांसाठी.' शेवटच्या दोन शब्दांवर प्रतिसाद जरा कमी आला, हे सांगायला हवं.

*

सणाच्या दिवसाविषयी सांगण्यासारखं कमी आहे, कारण तो दरवर्षी चांगलाच होतो. सहा तारीख शुक्रवारी होती. त्या दिवशी सकाळी साधी मिस्सा, लाल झगा. मोठा सोहळा रविवारी, कारण शुक्रवारी गाव मुंबईत कामाला असतं. लोकांच्या भक्तीचा सण सामान्य काळातल्या रविवारी नेऊन साजरा करायला उपासनेचे नियम मोकळीक देतात. मिरवणूक, बॅण्ड, खांद्यावरची मूर्ती, घरोघरी वडे आणि पाहुणे. रोषणाई यंदा फारच झाली. रंग बदलणाऱ्या दिव्यांत संताचा चेहरा दर दोन सेकंदांनी हिरवा दिसत होता. पुढच्या वर्षी ती समिती आमच्याकडे द्या, असं मी बोललो खरं; कोणी मनावर घेतलं नाही.

एका संध्याकाळी आम्ही चौघं वसईच्या किल्ल्यात, गोन्सालोंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चमध्ये जाऊन आलो. जेझुइटांचं ते मूळ चर्च. बाकी किल्ल्यातली चर्चं छप्पर उडालेली, भिंतींतून वड-पिंपळ उगवलेले. प्री-वेडिंगचे फोटो काढणारी जोडपी जिकडेतिकडे. मावशी म्हणाली, याच रस्त्याने तो बंदराकडे गेला असेल. मास्तरांनी इतिहासाच्या दृष्टीने दोन शंका काढल्या. मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

उरलेल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. नऊ दिवसांत सगळ्या बसल्या नव्हत्या. प्रार्थनासंघाने त्या वाटून घेतल्या. मंगळवारच्या माळेच्या प्रार्थनेला दहा-बारा काढतात आणि नाव नसलेल्या त्या माणसांसाठी 'नमो मारिया' म्हणतात. पेटी दारात कायमची राहिली आहे. मिठाईचं खोकं पावसात टिकणार नाही म्हणून सुताराने लाकडाची करून दिली, पैसे घेतले नाहीत.

आणि आता वर्षभराचं काम आमच्या गळ्यात पडलं आहे, कारण नव्या प्रार्थना एकदा ऐकल्यावर जुनी फाइल कोणी ऐकेना. १९ मार्चचे संत योसेफ ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतात. तो महोत्सव असल्याने त्या दिवशी गौरवगीत होतं, आलेलुया मात्र नाही, हे गायनमंडळाला आत्ताच सांगून ठेवलं आहे. १ मेला पुन्हा योसेफ, श्रमिकांचे म्हणून. तो स्मरणदिन बाराव्या पायस यांनी १९५५ मध्ये सुरू केला, आणि इथे त्याच सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन. १५ मेला शेतकरी संत इसिदोर. भाजीवाले आणि फुलवाले दोघंही त्या दिवसावर हक्क सांगत आहेत. २९ जूनला पेत्र (येशूचा शिष्य, मूळचा कोळी) आणि पौल, पण तेव्हा मासेमारी बंद आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. कोळी आळीच्या काकांचा निरोप आला आहे की पेत्राच्या दिवसाची प्रार्थना आम्ही चौघांनी लिहू नये, ते स्वतः लिहून आणतील, पाठ करून.